जुन्या जीपचा ब्रेक शू आणि कस्टमचे सहा आकडे

महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली. अमेरिकेत त्या घराण्यातली सीजे-३बी जीप १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढेही बनत राहिल्या. बजाजचंही तसंच झालं. व्हेस्पाचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी जवळपास त्याच घडणीची चेतक आली. त्यामुळे परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना तिकडे न मिळणारा किंगपिन किंवा ब्रेक शू आपल्याकडे अजून मिळतो. सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी जीपवर हात बसलेल्या मिस्त्रीला हे भाग हाताच्या स्पर्शाने ओळखू येतात. असा माल परदेशी पाठवायचा म्हटलं की अडतं ते कागदापाशी. म्हणूनच माझं ठाम म्हणणं आहे की पार्सलवरचा कस्टमचा कोड विकणाऱ्याने स्वतः समजून लिहावा. तो एजंटावर सोडू नये आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तर मुळीच बदलू नये.

कोड ठरतो तो वस्तूवरून, गाडीच्या वयावरून नाही. १९८८ पासून लागू असलेल्या जागतिक वर्गीकरणात पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या देशांत सारखेच असतात. आपल्याकडे त्यापुढे आणखी दोन लागतात. मोटारीच्या भागांचं शीर्षक, म्हणजे पहिले चार आकडे, ८७०८ आणि स्कूटर-मोटारसायकलचं ८७१४, एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि मग जीपमधली प्रत्येक वस्तू ८७०८ मध्ये ढकलली जाते. तसं चालत नाही. कार्ब्युरेटर इंजिनच्या भागांत, म्हणजे ८४०९ मध्ये जातो. डिस्ट्रिब्युटर ८५११ मध्ये, हेडलाइट ८५१२ मध्ये, स्पीडोमीटर ९०२९ मध्ये आणि साधा नट-बोल्ट ७३१८ मध्ये. ब्रेकचंच बघा. नुसता लायनर पाठवला तर तो ६८१३ मध्ये येतो, तोच रिव्हेट मारून शूवर बसवला की ८७०८ मध्ये. त्यातही लायनर जुन्या साठ्यातला असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे का, हे आधी विचारायला हवं. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरपासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली आहे आणि युरोपातही ते चालत नाही. तिथे प्रश्न जादा कराचा उरत नाही, माल आतच घेतला जात नाही. हा फरक दुकानात बसलेल्या एजंटाला कुठून कळणार? माल ज्याने हाताळला त्यालाच तो कळतो.

यावर पहिला आक्षेप परदेशी गिऱ्हाइकाकडूनच येतो. तो म्हणतो, गाडी साठ वर्षांची आहे, तेव्हा ९७०५ लिहा, संग्राह्य वस्तूला कर कमी लागतो. हे शीर्षक खरं आहे आणि ब्रिटन-युरोपात त्यावर सवलतही मिळते. पण युरोपीय न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं आहे की अशी वस्तू दुर्मीळ हवी, मूल्यवान हवी आणि नेहमीच्या वापराबाहेर गेलेली हवी. गेल्या वर्षी बनवलेला ब्रेक शू यात कसा बसेल? शिवाय ‘अस्सल, १९४५ चा’ अशी जाहिरात करणाऱ्याने आपल्याकडचा नियमही पाहावा. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आणि त्यांचे भाग आपल्या निर्यात धोरणात मर्यादित यादीत आहेत, त्यांना परवाना लागतो. मला हा नियम योग्य वाटतो, कारण जुन्या गाड्यांची हाडं सुटी सुटी करून विकली गेली तर इथे काहीच उरणार नाही. पण नव्या भागाला जुना म्हणून खपवणारा माणूस नाहक या नियमाच्या कचाट्यात सापडतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. दोन किलोचं पार्सल कोण उघडून बघतं, ‘गिफ्ट’ लिहा आणि किंमत कमी टाका, म्हणजे झालं. एके काळी हे खपूनही गेलं असेल. पण २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी बंद केली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यालाही अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली आणि ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. आता लहान पार्सलालाही कोड आणि खरी किंमत लागते. किंमत कमी लिहिली तर वाटेत हरवलेल्या मालाची भरपाईही तेवढीच मिळते. शिवाय बँकेत आलेले डॉलर आणि बिलावरचा आकडा जुळत नाहीत, तेव्हा खुलासा करावा लागतो तो विकणाऱ्यालाच. सीमाशुल्क कायद्यानेही निर्यातीच्या घोषणेच्या खरेपणाची जबाबदारी निर्यातदारावर टाकली आहे.

खरं म्हणजे खोटं लिहिण्याची गरजच नाही. या भागांवर आपल्याकडे निर्यातकर नाही. जीएसटीत निर्यातीला शून्य दर आहे. हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरलं की कर न भरता माल पाठवता येतो आणि कच्च्या मालावर भरलेला कर परत मागता येतो. सुट्या भागांवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, म्हणजे ही रक्कम लहान दुकानदाराला सोडून देण्याजोगी नाही. आयात-निर्यात कोड पॅन कार्डावर ऑनलाइन मिळतो आणि डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टानेच माल पाठवता येतो. तिकडचा आयातकर हा गिऱ्हाइकाचा खर्च आहे. तो कोण भरणार हे सौद्याच्या वेळीच लिहून घ्यावं.

तेव्हा मिस्त्री आणि दुकानदार मंडळींना माझी विनंती आहे. वर्णनाच्या रकान्यात ‘जीपचं सामान’ असं लिहू नका. ‘ब्रेक शू, लायनरसह, ॲस्बेस्टॉसविरहित, नवीन’ असं लिहा, बनावटीचं वर्ष टाका आणि त्यापुढे कोड स्वतःच्या हाताने भरा.