बोटाखालचा खटका



मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन घेऊन नीरा, लोणंद करत पुणे-सातारा रस्त्याकडे निघालेली गाडी शिरवळला महामार्गाला लागते. याच शिरवळमधल्या गोदरेजच्या कारखान्यात २००९ सालापर्यंत टाइपरायटर तयार होत होते. ऑफिसात वापरायचा टाइपरायटर बनवणाऱ्या जगातल्या अगदी शेवटच्या कारखान्यांपैकी हा एक. गोदरेजनं १९५५ साली मुंबईत सुरू केलेलं हे काम शिरवळला थांबलं आणि त्या जागी रेफ्रिजरेटर बनू लागले.

तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास लावायचा, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस ही मिनिटाला तितक्या शब्दांची परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट हातात आलं की नोकरीचे अर्ज टाकायचे, हा रस्ता बारामती-इंदापुरातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात मुलामुलींच्या पायाखालचा होता. त्यामुळे संगणक आपल्याकडे आला तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्या कित्येकांची बोटं आधीच तयार झालेली होती. कळ कशी असावी, याचं त्या बोटांचं मत पक्कं होतं.

टाइपरायटरवर कळ दाबली की तरफ हलते, अक्षराचा दांडा उचलला जातो, तो रिबनीवर आपटतो आणि कागदावर अक्षर उमटतं. हे सगळं काम बोटाच्या जोरावर चालतं. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर डाव्या हाताच्या करंगळीच्या वाट्याला येतं आणि करंगळी कच्ची असली की कागदावरचा प्रत्येक ‘ए’ पुसट दिसतो. मराठी यंत्रावर आणखी एक शिस्त लागते. अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करायचं, आणि उकारासारखी काही चिन्हं मारली तरी गाडी पुढं सरकत नाही, हे हातात भिनवावं लागतं. यंत्र कानाला, डोळ्यांना आणि बोटाला एकाच वेळी सांगतं की अक्षर उमटलं.

संगणकाच्या कळीला यातलं काही करायचं नसतं. दोन तारा क्षणभर एकमेकींना भिडल्या की तिचं काम झालं. पण तिथंच घरगुती संगणक बनवणाऱ्यांना काटकसरीची वाट दिसली. चिप स्वस्त करता येत नव्हती, पडदा म्हणून घरचा टीव्ही होताच, मग पैसे वाचवायचे ते कीबोर्डवर. ही काटकसर चुकीच्या जागी झाली, असंच म्हणावं लागेल. ज्या एकाच ठिकाणी माणसाचा हात यंत्राला लागतो, नेमकं तेच ठिकाण हलकं केलं गेलं.

त्यातला सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. चाळीस बटणं आणि ती सगळी मिळून एकच रबरी चटई. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसं त्याचं बटण दाबलं जाई. चटईखाली पातळ प्लास्टिकचे दोन पापुद्रे, दोन्हींवर विजेच्या रेघा आणि मध्ये भोकं पाडलेला तिसरा पापुद्रा. बटण दाबलं की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. यालाच मेम्ब्रेन म्हणतात. तिच्यातून दोन शेपट्या निघतात, एक पाच तारांची आणि दुसरी आठ तारांची. पाच आठे चाळीस. तेरा तारांत चाळीस बटणं ओळखण्याची ही युक्ती मात्र मनापासून दाद देण्याजोगी आहे.

बटणांवर मजकुराची तर दाटी होती. एकेका बटणाला पाच-सहा कामं. बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतला शब्द अक्षर अक्षर टाइप करायचाच नाही. नुसतं ‘पी’ दाबलं की पडद्यावर ‘प्रिंट’, नुसतं ‘जे’ दाबलं की ‘लोड’. कॅसेटवरून गेम चढवायला ‘जे’ दाबायचं, मग सिम्बॉल शिफ्ट हे बटण धरून दोनदा ‘पी’ दाबून अवतरणचिन्हं द्यायची. टायपिंग शिकलेल्या माणसाला हे सगळंच नवं. शिकवलेली बोटं इथं उपयोगी पडत नाहीत, बटणांवरचे शब्द वाचत जावं लागतं.

सिंक्लेअरला तक्रारी ऐकू आल्या आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये स्पेक्ट्रम प्लस बाजारात आला. कडक प्लास्टिकची अठ्ठावन्न बटणं, मोठा स्पेसबार, ऐटबाज काळं घर. आत मात्र चाळीसांचंच गणित कायम. पुसण्याचं बटण दाबलं की आतली मेम्ब्रेन कॅप्स शिफ्ट आणि शून्य अशी दोन बटणं एकदम दाबल्याचा निरोप संगणकाला देई. हाच प्लस ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं भारतात आणला. घरात संगणक असणं हीच नवलाई होती, त्या काळात आपल्याकडच्या काही मुलांची बोटं पहिल्यांदा याच बटणांवर पडली.

मेम्ब्रेनऐवजी खरा स्विच असला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. धातूच्या दोन पट्ट्या भिडताना क्षणभर थरथरतात, आणि संगणक इतका चलाख की त्या थरथरीतले वेगवेगळे स्पर्श तो वेगळे मोजतो. एकदा दाबलेलं अक्षर पडद्यावर दोनदा उमटतं. अमेरिकेत १९७७ साली आलेला टीआरएस-८० हा संगणक या दोषासाठी बदनाम होता. त्यावर उपाय म्हणून तो बनवणाऱ्या कंपनीनं कॅसेटवर एक छोटा प्रोग्राम दिला. काही सहस्रांश सेकंद थांबून मगच बटण दाबलं गेल्याचं मानायचं, ही रीत पुढं सगळीकडे रूढ झाली.

आता चांगल्या कीबोर्डबद्दल. केंद्र सरकारनं १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. बनवणारी कंपनी एकॉर्न. हा कीबोर्ड टाइपरायटरच्या मापाचा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच, वर दहा लाल फंक्शन बटणांची ओळ. त्या ओळीच्या वर एक पारदर्शक पट्टी असे. तिच्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवायची आणि कोणतं लाल बटण काय करतं ते लिहून ठेवायचं. शाळेतल्या पोरांच्या बोटांचा मारा सोसेल असा हा कीबोर्ड होता. एखादा स्विच गेला तर तेवढाच सोल्डर काढून बदलता येई, अख्खा कीबोर्ड टाकायची गरज नव्हती.

आपल्याकडे हा धागा पुढं नेला तो टीव्हीएस गोल्ड या कीबोर्डनं. बँकेच्या काउंटरवर टकटक करणारा कीबोर्ड ज्यांनी ऐकला आहे, त्यांना नाव सांगायची गरज नाही. जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच त्यात होते. बटण सुमारे चार मिलिमीटर खाली जातं, पण निम्म्या वाटेवरच आतला खटका वाजतो आणि अक्षर नोंदलं जातं. बोट तळाला आपटायची गरज उरत नाही. टाइपरायटरवर तयार झालेल्या माणसाला तो कीबोर्ड आपला वाटला, याचं कारण या खटक्यात आहे.

बटणांच्या टोप्यांचीही एक कारागिरी आहे. चांगल्या टोपीत अक्षर छापलेलं नसतं. आधी अक्षराच्या आकाराचं प्लास्टिक साच्यात ओततात आणि मग त्याच्याभोवती दुसऱ्या रंगाचं ओततात. टोपी झिजली तरी अक्षर पुसलं जात नाही, कारण ते पार आतपर्यंत गेलेलं असतं. हलक्या टोपीवरची छपाई मात्र वर्षभरात जाते, तीही नेमकी जास्त लागणाऱ्या अक्षरांची. देवनागरीच्या वाट्याला बहुतेक वेळा स्टिकरच आले, याची खंत वाटते. भारत सरकारनं १९८६ मध्ये कीबोर्डसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी ती नीटस मांडणी. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनं ती संगणकांवर रुजवली. एवढ्या विचारानं केलेली मांडणी बटणांवर मात्र कडा सुटणाऱ्या चिकटपट्ट्यांतून दिसायची.

आजही कुणाच्या घरी माळ्यावर असा जुना संगणक असेल, तर तो भंगारात घालू नये. आधी कीबोर्डचा फोटो काढून ठेवावा, मगच टोप्या सरळ वर ओढून काढाव्यात. कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. छापील अक्षरं असतील तर स्पिरिट लावू नये. टोप्या पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नयेत. पिवळेपणा हा मळ नसून उन्हानं प्लास्टिकमध्ये झालेला बदल असतो, तो घासून जात नाही. स्पेक्ट्रमचं घर उघडताना वरचं झाकण झटक्यानं उचलू नये, कारण त्या दोन शेपट्या उष्णतेनं आणि वयानं ठिसूळ झालेल्या असतात आणि वाकवल्या की तडकतात. एक रेघ तुटली की एकदम पाच किंवा आठ बटणं बंद पडतात. तसं झालं तरी निराश व्हायचं कारण नाही. स्पेक्ट्रमच्या नव्या मेम्ब्रेन आजही तयार होतात, आणि त्या बदलायला सोल्डरिंगही लागत नाही. शेपट्या सॉकेटमध्ये नुसत्या सरळ खोवायच्या असतात.