चाळिशीतला गृहपाठ

(सुकापूर, पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ती माणसं बहुधा याच मंडपात बसली आहेत. तळोजा एमआयडीसीत पाळी करून आलेला ऑपरेटर, कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेब ठेवणारा कारकून, मुलगी दहावीत गेल्यावर स्वतः बी.ए.चा फॉर्म भरणाऱ्या बाई. शिक्षण मध्येच सुटलं आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा उत्तरपत्रिका समोर आली.

अशांची सोय करण्याची आपली परंपरा जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू. पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून, बारावी झालेली नसतानाही, कित्येक जण पदवीच्या वर्गात पोचले. म्हणजे दार उघडलं. पण आत आलेल्या माणसाला लिहायला कसं शिकवायचं, याचा विचार आपण फार कमी केला.

मी अशा वर्गात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ कधी देत नाही. पन्नाशीच्या माणसाला तो विषय देणं म्हणजे त्याची थट्टा आहे. मी अर्ज लिहायला सांगतो. एका बाईंनी सोसायटीच्या सचिवांना लिहिलेला अर्ज असा होता : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आमच्या सदनिकेत गळतीची तीव्र समस्या असून सदर बाबीवर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ एकही चूक नाही आणि काही कळतही नाही. म्हटलं, बाई, कागद ठेवा बाजूला, झालंय काय ते सांगा. त्या म्हणाल्या, ‘अहो सर, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या किचनच्या भिंतीत उतरतंय. गणपतीपासून. गॅसच्या मागचं प्लास्टर इतकं फुगलंय की हात लावला की पडतं. प्लंबर दोनदा येऊन गेला, पण वरचे लोक लादी उकरू देत नाहीत.’

ते बोलणं तसंच फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, कुठला कागद वाचून सचिव जिना चढतील? वर्ग हसला. मग त्याच चार-पाच वाक्यांवर तासभर काम केलं. आधी काय यावं, तारीख कुठे घालावी, शेवटी नेमकं मागायचं काय. ‘अहो सर’ गेलं, ‘गणपतीपासून’च्या जागी महिना आला, बाकी बहुतेक सगळं राहिलं. भाषा बाईंकडे होतीच. ती कागदावर चालते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या सरकारी कागदांनी आणि बाजारातल्या गाइडांनी उलटंच शिकवलं होतं.

परीक्षेच्या उत्तरातही हेच होतं. भूसंपादनाचे सामाजिक परिणाम लिहा, असा प्रश्न येतो. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाणे भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. वर्गातल्या एखाद्याच्या आजोबांची भातशेती त्यात गेलेली असते. घरात त्यावरून झालेली भावकीची भांडणं त्याला तोंडपाठ असतात. आणि तो लिहितो, ‘भूसंपादनामुळे समाजावर विविध परिणाम झाले.’ अशा वेळी मी समासात एवढंच लिहितो : कोणावर? कधी?

आता चुकांविषयी. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये प्रवेश सर्वांना खुला केला, तेव्हा मीना शॉनेसी या प्राध्यापिकेने नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४००० निबंध तपासले. १९७७च्या पुस्तकात तिने दाखवलं की या चुका आंधळ्या नसतात, त्यांना कारण असतं. आपल्याकडे पाहा. आगरी बोलणाऱ्या घरातला माणूस ‘पानी’, ‘डोला’ लिहितो, कारण त्याच्या घरात तसंच बोलतात. तो निष्काळजी नाही, कान देऊन लिहितो आहे. त्याला ‘ण’ आणि ‘ळ’ कुठे येतात ते एकदा नीट दाखवलं की निम्मं काम होतं. साहित्य महामंडळाचे १८ नियम त्याला यायलाच हवेत, याबाबत मी सैल नाही. पण ते शेवटच्या खर्ड्यावर. पहिल्याच पानावर लाल शाई ओतली की माणूस पुढच्या वेळी चुकायची भीती नको म्हणून दोनच ओळी लिहितो, त्याही गाइडमधल्या.

रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षर शिकल्या, घरातल्या बायकांची बोलणी खात. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढून त्यांनी प्रौढ बायकांना शिकवलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. लक्ष्मीबाई टिळकांनाही शिकवलं ते नवऱ्याने. ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजं वाटतं, कारण बाई बोलत होत्या तशा लिहीत गेल्या. उशिरा शिकलेल्यांनी मराठी गद्याला काय दिलं, ते या दोन पुस्तकांवरून मोजा.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात वहिनी, काका, कुणी गृहपाठ लिहीत असेल, तर तो लगेच तपासायला घेऊ नका. त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि जिथे कळलं नाही तिथे फक्त विचारा, म्हणजे काय झालं?