कोणता औंस, कोणता तोळा?



आपल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नसेल तर अर्धा गुण कापायच्या, आठवतं? मी एकदा भांडले होते, "बाई, आकडा तर बरोबर आहे!" बाई म्हणाल्या, "बारा काय? बारा आंबे की बारा मैल?" आज त्या अर्ध्या गुणाबद्दल बोलते.

नोकरीच्या सुरुवातीला सोन्याचा भाव दाखवणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. जगात भाव औंसाला सांगतात, आपल्याला तो ग्रॅमला हवा. मी औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम धरून भागलं. चाचणीत भाव पावणेदहा टक्क्यांनी जास्त यायला लागला. दोन दिवस कोड तपासला. गणित बरोबर, शब्द चुकलेला! सोन्याचांदीचा औंस वेगळा असतो. तो ट्रॉय औंस, ४८० ग्रेनचा, म्हणजे ३१.१० ग्रॅमचा. साधा औंस ४३७.५ ग्रेनचा.

ट्रॉय म्हणजे लाकडी घोड्याच्या गोष्टीतलं शहर, असं मला वाटलं. तेही चूक. वजनाचं हे नाव बहुधा फ्रान्समधल्या त्र्वा गावावरून आलं. तिथे मध्ययुगात मोठ्या व्यापारी जत्रा भरत. इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखं, एवढंच नातं.

गोष्टीतलं ट्रॉय आजच्या तुर्कस्तानात, हिसारलिक टेकडीवर. तिथे १८७३ साली हाइनरिख श्लीमानला सोन्याचा साठा सापडला. त्याने लगेच त्याला ट्रॉयच्या राजाचं, प्रायमचं नाव दिलं. पुढे कळलं, ते सोनं त्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारापेक्षा जास्त वर्षं जुनं आहे. म्हणजे घाईने लेबल चिकटवणारी मी एकटीच नव्हते!

खरं तर हा धडा मला आधीच मिळाला होता. १९९८ साली इंजिनिअरिंगची फी भरायला आईने आजीच्या पाटल्या मोडायच्या ठरवल्या. डबीतल्या जुन्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चार तोळे'. सराफ चिठ्ठी बघून म्हणाले, "चार तोळे, म्हणजे चाळीस ग्रॅम. हिशेब करू?" सातवी शिकलेली माझी आई म्हणाली, "चिठ्ठी राहू द्या. काट्यावर ठेवा आणि ग्रॅममध्ये सांगा." काटा सेहेचाळीसच्या पुढे गेला. आजीचा तोळा जुना होता. इंग्रजांनी १८३३ मध्ये तो १८० ट्रॉय ग्रेनचा ठरवला, रुपयाच्या नाण्याएवढा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजचा बाजारातला तोळा दहा ग्रॅमचा. चार तोळ्यांत साडेसहा ग्रॅमहून जास्त फरक! त्या फरकात माझी पुस्तकं आली आणि ड्रॉइंग बोर्डही.

आईला ट्रॉय माहीत नव्हतं. पण शब्द तोच राहतो आणि त्यातलं माप बदलतं, हे तिला माहीत होतं. मी मात्र पदवी घेऊनही औंसापाशी ते विसरले.

आता ऑफिसात नवी मुलं आकडा घेऊन आली की मी विचारते, "काय? कोणतं?" ती मनात माझ्यावर चिडत असणार, जशी मी चिडले होते.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. तो अर्धा गुण तुमच्याकडेच राहू द्या. तो बरोबर कापला होतात.