त्या मुलांचे देणे बाकी आहे



वर्षभराच्या कामाचा अहवाल छापून तुमच्या हाती आला आहे, तो मी पुन्हा वाचत बसत नाही. आज एकाच विषयावर बोलतो. सरकारने दिलेल्या लशीमुळे ज्याला इजा झाली, त्याला सरकारने नुकसानभरपाई दिली पाहिजे, आणि ही मागणी आपण आरोग्य खात्यातल्या माणसांनी केली पाहिजे.

हा विषय आपल्या अधिवेशनांत सहसा निघत नाही. इजेचे नाव काढले तर लोक लसच नाकारतील, ही धास्ती आपल्याला असते. माझी सारी नोकरी लसीकरणात गेली. गोवर, घटसर्प, धनुर्वाताने जाणारी मुले मी पाहिली आहेत आणि लशीने ती वाचताना पाहिली आहेत. म्हणूनच हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी मानतो.

पोलिओचेच घ्या. १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. रविवारी सकाळी बूथ मांडायचा, लशीच्या कॅरियरमधले आइसपॅक बघायचे, बाटलीवरच्या वर्तुळातला चौकोन अजून फिका आहे ना याची खात्री करायची, दोन थेंब पाजायचे आणि डाव्या करंगळीला शाई लावायची. देशभरात एकेका फेरीत सुमारे १७ कोटी मुले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या कामाचा अभिमान या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे आणि तो रास्त आहे.

पण त्या थेंबांत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. फार क्वचित तोच विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि मूल लुळे पडते. जागतिक आरोग्य संघटना याचे प्रमाण साधारण २७ लाख मात्रांमागे एक असे सांगते. प्रमाण नगण्य वाटते, पण मात्रा कोट्यवधी दिल्या की नगण्य प्रमाणातूनही खरीखुरी मुले उभी राहतात. पोलिओच्या विषाणूच्या प्रकारांपैकी टाइप २ चा नैसर्गिक विषाणू १९९९ नंतर जगात कुठे आढळला नाही. त्याचा शेवटचा रुग्ण आपल्याच देशात, अलिगडला होता. लशीतून मात्र टाइप २ आपण काढला तो एप्रिल २०१६ मध्ये. मधल्या वर्षांत तो ठेवण्याला शास्त्रीय कारणे होती, ती मला मान्य आहेत. पण त्या निर्णयाची किंमत ज्या घरांनी मोजली, त्यांना आपण काय दिले?

इथे एक गोष्ट तुमच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. पंधरा वर्षांखालचे कोणतेही मूल अचानक लुळे पडले की आपण धावतो. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फात ठेवून मुंबईत परळला, हाफकिन संस्थेच्या आवारातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. साठ दिवसांनी पुन्हा घरी जाऊन पायातली ताकद तपासायची. नमुन्यात लशीचाच विषाणू निघाला आणि लुळेपणा उरलेला असला, की तज्ज्ञ समिती तशी नोंद करते. कागद पूर्ण होतो, फाइल बंद होते.

अशाच एका साठ दिवसांच्या भेटीला मी गेलो होतो. मुलाला आईने खाटेवर बसवले होते. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक झाली होती, हे टेप न लावताही दिसत होते. मी फॉर्म भरत असताना वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, पट्ट्याचा बूट सरकारकडून मिळतो का? आणि पोरगं वाढलं की दुसरा कोण देणार?" माझ्या फॉर्मवर त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता. कॅलिपर मूल वाढेल तसे बदलावे लागते, पुढे कधी शस्त्रक्रिया लागते, शाळा दूर असेल तर रोज कोणीतरी उचलून न्यावे लागते. हा खर्च आयुष्यभराचा आहे.

लशीच्या इतर इजांमध्ये कारण शोधताना वाद होतात. या मुलांच्या बाबतीत वाद नाही. आपल्याच तज्ज्ञ समितीने कारण लिहून दिले आहे.

तरीही भरपाईऐवजी आपल्याकडे चर्चा नेहमी दोषाची होते आणि ही सवय जुनी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचली गेली. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले होते, १९ माणसे दगावली. ती लस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी तयार केलेली. बाटली परळला दूषित झाली की गावात उघडताना, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. हाफकिन यांना बाजूला केले गेले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. हा न्याय व्हायलाच हवा होता. पण त्या १९ घरांचे पुढे काय, हा प्रश्न त्या वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही.

दोष कोणाचाच नसतानाही इजा होते, हे पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५३ मध्ये मान्य केले. तिथे देवीची लस सक्तीची होती. सर्वांच्या भल्यासाठी एकाला विशेष त्याग करावा लागला, तर त्याची भरपाई सर्वांनी मिळून करावी, असे त्या निकालाचे सूत्र होते. १९६१ मध्ये त्याचा कायदा झाला. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने भरपाईची योजना आणली आणि तिच्या निधीसाठी आता लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर घेतला जातो. ब्रिटनने १९७९ मध्ये एकरकमी मदतीचा कायदा केला, पण त्यात ६० टक्के अपंगत्वाची अट आहे. ५५ टक्केवाल्याला काहीच नाही. मला ती पद्धत अन्यायाची वाटते. आपल्याला जर्मनीसारखी, दरमहा आधार देणारी पद्धत हवी. आणि श्रीमंत देशांनाच हे परवडते असे कोणी म्हणू नये. शेजारच्या नेपाळनेही अशी योजना केली आहे.

आपल्या देशालाही हे तत्त्व परके नाही. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर भरपाई देणे नियमाने बंधनकारक आहे. सरकारी नसबंदी शस्त्रक्रियेत मृत्यू झाला किंवा ती अयशस्वी ठरली तरी सरकारी योजनेतून पैसे मिळतात. मग नेहमीच्या लसीकरणालाच असा कायदा का नाही? कोव्हिडच्या लशीनंतर दोन तरुण मुली गेल्या, त्यांचे आईवडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने उत्तर दिले: लस ऐच्छिक होती, सरकार जबाबदार नाही, दिवाणी न्यायालयात जावे. घराघरांत जाऊन "लस घ्या" म्हणून हात जोडणाऱ्या आशाताईंना हे उत्तर कसे वाटले असेल, याचा विचार करा. त्यांच्या शब्दावर लोकांनी दंड पुढे केला होता.

भरपाईने लोक घाबरतील, हे मला पटत नाही. अमेरिकेत हा निधी १९८८ पासून चालू आहे आणि मुलांचे लसीकरण त्याने थांबलेले नाही. लोक बिथरतात ते आपण गप्प बसतो तेव्हा. एका मुलाला काही झाले, खात्याचे कोणी फिरकले नाही, की पुढच्या फेरीला साऱ्या गल्लीची दारे बंद होतात. हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पैशांचा हिशेबही अवघड नाही. दर मात्रेमागे एक रुपया बाजूला ठेवला, तर १७ कोटी मुलांच्या एका फेरीत १७ कोटी रुपये जमतात.

आज सायंकाळच्या खुल्या अधिवेशनात ठराव येत आहे. सार्वत्रिक लसीकरणातल्या इजांसाठी, दोष सिद्ध करण्याची अट नसलेला भरपाईचा कायदा करावा. आणि पोलिओच्या लशीने लुळे पडल्याची ज्यांची नोंद आपल्याच दप्तरात आहे, त्यांना शोधून पहिला हप्ता द्यावा. त्यांतले बरेच जण आज विशी-पंचविशीत असतील. फाइली जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, पत्ते त्यांत आहेत. ठरावाला पाठिंबा द्या, आणि परत गेल्यावर आपापल्या जिल्ह्यातल्या त्या फाइली बाहेर काढा.