हिरड्याचा तुरटपणा आणि सूक्ष्मजंतू
(नभोवाणीवरील भाषण)

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी मुलखात महादेव कोळी लोक आठळी धरण्यापूर्वीच जो हिरडा गोळा करून उन्हात वाळवितात, तो काळा, सुरकुतलेला बाळहिरडा दाताखाली धरला, की क्षणात जिभेला मिठी बसते आणि तोंडातील ओलावा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ही करणी ज्या कषायद्रव्याची, ते टॅनिन वाळल्या हिरड्यात वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके असते.

प्रथिनांना घट्ट धरून ठेवणे हा त्याचा धर्म. लाळेतील प्रथिने त्याने धरली, की आपणांस तुरट लागते. कातड्यातील धरली, की ते कातडे कुजत नाही, आणि म्हणूनच चामडे कमाविण्याच्या धंद्यात हिरड्याला व बाभळीच्या सालीला पूर्वापार मागणी आहे. परंतु सूक्ष्मजंतू अन्न पचविण्यासाठी जी पाचकद्रव्ये बाहेर सोडतो, तीच जेव्हा टॅनिन धरून ठेवते, तेव्हा पुढ्यात अन्न असूनही त्या जंतूची उपासमार होते. जागचे हलता न येणाऱ्या वृक्षाने आपल्या सालीत आणि कोवळ्या फळात असा साठा राखावा, ही केवढी विलक्षण तजवीज!

लोहाशीही टॅनिनाचे असेच सख्य आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, टाकताच तो काळाभोर होतो, आणि याच रीतीने आपल्याकडे शाई करीत असत. बहुतेक जंतूंना वाढीसाठी लोह लागते. ते टॅनिनाने अडकवून ठेवले, म्हणजे त्यांची वाढ खुंटते.

तथापि हा गुण सर्वत्र सारखा चालत नाही. काही बुरशी टॅनिनाचे विघटन करणारे पाचकद्रव्य निर्माण करून त्यावरच पोसतात. माणसावरील उपचारातही त्याची मर्यादा दिसून आली. 1925 साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे डॉ. डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जखमांवर टॅनिक अॅसिडाचा लेप सुरू केला, जखमेवर टणक खपली धरू लागली, आणि तो उपचार सर्वत्र मान्यता पावला. परंतु ते द्रव्य रक्तात शोषले जाऊन यकृताला इजा करते असे दिसून आल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, तो सोडून द्यावा लागला. काचेच्या नळीत जंतू मेले, एवढ्या दाखल्यावर मनुष्यदेहाविषयी हमी देणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. गुळण्या करताना हिरड्याच्या काढ्याची जंतूंशी थेट गाठ पडते. पोटात गेल्यावर मात्र त्याला प्रथम डाळीची, दुधाची, जे काही आपण खाल्ले असेल त्याची प्रथिने भेटतात, आणि त्यांनाच धरण्यात त्याचा बराचसा अंश खर्ची पडतो.