परतीची वाट
(वार्षिक सभेतील भाषण)



रात्रपाळीस अनुभवी परिचारिका कमी का, असे आपण विचारता. पारोळा, एरंडोल येथून एस.टी.ने जळगाव-धुळे गाठणाऱ्या कित्येक जणी बाळंतपणानंतर राजीनामा देतात. नवजात बाळाची शीर अचूक शोधणारा हात त्यांच्याबरोबर जातो. ‘घरचा प्रश्न’ म्हणून आम्ही ते राजीनामे निमूटपणे स्वीकारीत आलो. ती आमची चूक होती.

तरुणपणीच वैधव्य आलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) शेतातले काम थांबविण्याची मुभाच नव्हती. आजच्या लेकींना ती आहे असे आपण मानतो. पण परतीची वाट बंद असेल तर ती मुभा कसली? 2017 च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. मूल मात्र सहा महिन्यांत मोठे होत नाही.

ज्यांना थांबावेसे वाटते त्यांनी अवश्य थांबावे. त्यांची जागा आम्ही दोन वर्षे सेवाज्येष्ठतेसह राखू. ज्यांना थांबायचे नाही, त्यांना तेवढा काळ रात्रपाळी देणार नाही. त्या रात्री इतरांवर पडतील, हे आम्ही जाणतो. म्हणूनच बदली परिचारिकांचे वेतन यंदाच्या अंदाजपत्रकात धरले आहे. हा खर्च इमारतीसारखा दिसणारा नाही, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लागणार नाही. तरीही तो आपणापुढे मंजुरीसाठी ठेवीत आहोत.