मागच्या चाकाचा हब

(मोहोळ येथे साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मास्तरला सायकलीतलं काय कळतं, असं कुणी मनात म्हणत असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईला तंत्रशाळेत मास्तरच होते. त्यांनी भावाबरोबर १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे त्यांनीच लोखंडी नांगर केले. मी कारखाना काढणार नाही. पण तीस वर्षं काळ्या सायकलीवर शाळेत गेलो. तिची दुखणी मला ठाऊक आहेत.

बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसा सायकलीच्या चाकाला हब. तुंब्यात आरे बसतात, हबमध्ये तारा. सगळा भार तिथं येतो.

आमच्या शेजारचे आबा दूध घालतात. दोन कॅन लावून पेनूरच्या रस्त्यानं मोहोळला येतात. त्यांचा मागचा हब झिजला. एका दुकानदारानं नवा काढून दिला. चकचकीत दिसला, आबांनी घेतला. आता बघा, जुन्या रिमला भोकं ४०, आणि नव्या हबला ३६! रिमची चार भोकं मोकळी ठेवून चाक बांधलं. मग ताण सगळीकडं सारखा कसा राहणार? पाचव्या दिवशी खड्ड्यात तारा तुटल्या, चाक वाकलं, दूध रस्त्यावर सांडलं. गुडघाही फुटला.

मी विचारलं, "आबा, भोकं मोजली होती का?"

आबा म्हणाले, "मास्तर, हब काय मोजून घेत्यात व्हय?"

होय, मोजूनच घ्यायचा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला बहुधा पुढं ३२ आणि मागं ४० तारा असतात. नव्या पुष्कळ सायकलींना दोन्हीकडं ३६. हवा भरायच्या भोकापाशी खडूनं खूण करा, तिथून मोजत या. ते भोक मात्र मोजायचं नाही. आकडा कागदावर लिहा आणि कागद दुकानात न्या. आता तुम्हाला लिहिता येतं, मग लाजायचं कशाला?

पण त्याआधी हब खरंच गेला आहे का, ते बघा. चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर हब उघडा. आत आस, कोन आणि छर्रे असतात. कोनाला खड्डे पडले असतील तर नवे कोन आणि छर्रे घाला, काम भागतं. मागच्या चाकाचे छर्रे पाव इंची असतात, एका बाजूला नऊ. छर्रे ज्या वाटीत फिरतात ती वाटीच खरवडली असेल, किंवा तारांची भोकं लांबट झाली असतील, तरच हब बदला. काही दुकानदार हे सांगत नाहीत. त्यांना हब विकायचा असतो.

दुसरं माप रुंदीचं. जुन्या सायकलीच्या मागच्या चिमट्यात साधारण ११ सेंटिमीटर जागा असते. गिअरच्या सायकलीचा हब १३ किंवा त्याहून जास्त रुंद. पहार घालून चिमटा फाकवणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. चिमटा वाकडा होतो, चाक तिरकं बसतं आणि चेन उतरते. जुना हबच पिशवीत घालून न्या, नव्याशेजारी उभा करा. दोन्ही टोकांच्या चकत्याही तेवढ्याच मोठ्या हव्यात. नाहीतर जुन्या तारा आखूड पडतात, किंवा लांब होऊन ट्यूब फोडतात.

तिसरी गोष्ट फ्रीव्हीलची. ते उजव्या अंगाला आट्यांवर बसतं. दुकानातच हातानं फिरवून बघा. दोन-तीन आटे सहज गेले पाहिजेत. अडलं तर पाना लावायचा नाही, हब परत द्यायचा.

जुनी सायकल आहे, सामान कुठलं मिळणार, असं आबांना वाटलं होतं. त्यांची सायकल ॲटलासची. ती कंपनी १९५१ साली सोनीपतला निघाली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता! पण ४० भोकांचा हब इतरांचाही असतो, आणि तोच ॲटलासला बसतो. आबांना मी तसाच आणून दिला. चाक नव्यानं बांधलं. आठ दिवसांनी तारा पुन्हा आवळून घ्यायला सांगितल्या, कारण नव्या बांधलेल्या चाकाच्या तारा थोड्या ढिल्या पडतातच. आबा दहाव्या दिवशी आले. चालतंय.